गुण्यातली पाचर

दाजी, तुला जाऊन तीन दिवस झाले होते आणि तुझ्याच घरापुढच्या खळ्यात उभा राहून मी तुझा गुण्याचा किस्सा सांगितला. काय करू? माणसं भेटायला येत होती, पाणी पिऊन खाली मान घालून बसत होती. शेवटी आरोंद्याहून आलेला तुझा मामेभाऊच म्हणाला, "बाबल गुरुजी, तो गुण्याचो किस्सो सांगा मरे. दाजीक पण आवडा तो." एवढं म्हणायचा अवकाश, मी उठलोच. मान तिरकी केली, एक डोळा मिटला, हातात नसलेला गुण्या चहाच्या गोल बशीला लावला आणि तुझ्या आवाजात म्हणालो, "बशी जरा कलल्यासारखी दिसता." रडून डोळे सुजलेली माणसं पोट धरून हसली. माजघरातून बायकांचंही हसू ऐकू आलं. वहिनीचं आलं नाही. मी कान लावून होतो.

तेव्हापासून मला बसवत नाही. कागद घेऊन बसतो, उठतो, पडवीत फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो. आमच्या घरातून विचारणा झाली, "पायाक भिंगरी बांधलात काय?" मी म्हटलं, दाजीला पत्र लिहितोय. ती आत चुलीकडे गेली. खुळावला, असं वाटलं असेल तिला.

किस्सा तुला पाठ आहे, पण माझ्या तोंडून एकदा शेवटचा ऐक. एक होता मास्तर. त्याच्या चौथीच्या वर्गानं शाळा तपासायला आलेल्या साहेबासमोर काटकोन काढले ते सतराच्या सतरा वाकडे. त्या दिवसापासून मास्तराचा स्वतःच्या डोळ्यावरचा विश्वास उडाला. सुतार लोक कोन सरळ आहे की नाही ते बघायला जो लाकडी गुण्या वापरतात, तो पिशवीत घालून मास्तर हिंडू लागला. लग्नाच्या पंगतीत पाटाला गुण्या, देवळात चौकटीला गुण्या, न्हाव्याकडे कल्ल्यांना गुण्या. पुढे मास्तराची बदली आरोंद्याला झाली. खाडीपलीकडे गोवा, तिथे अजून फिरंग्याचं राज्य, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या तपासत. पोलिसानं गुण्या बाहेर काढून विचारलं, "ह्या काय?" मास्तर म्हणाला, "माझो डोळो."

इथे मी थांबायचो. थांबल्यावर लोक हसायचे.

सगळं खरं आहे, दाजी. मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. काढलं मात्र आहे. इतकी वर्षं हा किस्सा सांगताना त्यातली एक पाचर मी काढून ठेवत आलोय.

त्या वर्षी साहेबांचं पत्र आलं होतं, की चौथीची भूमितीची परीक्षा ते स्वतः येऊन घेणार, आणि मुलं बरी निघाली तर आपल्या शाळेला पाचवीचा वर्ग मिळणार. तोवर चौथी झाली की मुलगे होडीनं खाडी ओलांडून पलीकडच्या शाळेत जात आणि मुली घरी राहत. तू ते पत्र तीनदा वाचलंस आणि कपाटातून शाळेचा एकुलता एक कोनमापक काढलास. त्याच्यावरचे आकडे कधीच पुसले होते. "बरा झाला," तू म्हणालास. "आता डोळ्यानच शिकवतलंय."

आपलं भांडण तिथपासून सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही आणि मी एकटा ते मिटवूही शकत नाही, हे किती वाईट केलंस तू.

मी व्याख्यांचा माणूस. तिसरी-चौथी एकत्र बसवून मी व्याख्या पाठ करून घेई, आणि नुसत्या नाही. लघुकोन म्हणताना मी गुडघे छातीशी घेऊन टेबलावर बसे. काटकोनाला खुर्चीत फौजदारासारखा ताठ. विशालकोनाला खुर्चीवर रेलून पाय लांब सोडी, टोपी डोळ्यांवर ओढी आणि घोरू लागे. पोरं खिदळत, पण व्याख्या अशा म्हणत की बाहेरच्या माडावर नारळ काढणारा पाडेली खाली बघे. तू दारात उभा राहून सगळं पाहिलंस आणि पोरं सुटल्यावर मला म्हणालास, "बाबल, पोरां तुका बघतत. कोनाक नाय."

मला ते झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी तू सतरा पोरांना घेऊन वेळेवर, समुद्राकाठच्या वाळूत, गेलास. दोन काठ्या आणि काथ्याचा दोर. एक काठी रोवलीस, दोर ताणून दुसरी फिरवलीस, वाळूत वर्तुळ. मग पोरांना विचारलंस, "ह्याचा अर्धा खंय बघितलास?" माझ्या व्याख्यांनी तीन महिने ज्याच्या तोंडावरची माशी हलली नव्हती तो, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या रापणकऱ्यांचा भिकू म्हणाला, "रापणीक, गुरुजी. जाळा समुद्रात असता तेवा."

"आणि त्याचो व्यास?"

भिकूनं दोन्ही हात पसरून वेळ दाखवली. "ह्यो किनारो."

तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. त्याचाच मला जास्त राग आला. जिंकणाऱ्यानं निदान एकदा बघावं तरी.

मग गोपाळ मेस्त्रीनं तुला तो गुण्या करून दिला. फणसाचा, पिवळाधमक, दोन हात आणि मध्ये एक खुंटी. "पावसात लाकूड फुगता, म्हणान सांधो जरा सैल ठेवलंय," तो म्हणाला होता. तुझा नियम सोपा होता. पाटीवर काटकोन आधी डोळ्यानं काढायचा. मग गुण्या लावून बघायचा. चुकला तर पुसायचा, पुन्हा डोळ्यानंच काढायचा. महिन्याभरात पोरं अशी तयार झाली की गुण्या लावायचा तो नुसता मान म्हणून. खोताच्या घराची नवी चौकट बघून चौथीतली आपली चंदा म्हणाली होती, "गुरुजी, ही खालसून बाहेर गेली हा." आणि गेलेली होती! नऊ वर्षांची पोर.

मी तुला म्हटलं, "पोरं डोळ्यानं बघत नाहीत रे. गुण्याचं ऐकतात. उद्या गुण्या खोटं बोलला तर तेही ऐकतील."

तू म्हणालास, "आयकाची नाय."

"लाव पैज."

"मेल्या, शाळा ही. नाटकाचो मांड नाय."

पैज तू लावली नाहीस. मी एकट्यानंच लावली.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी गोपाळ मेस्त्रीकडे गेलो. म्हटलं, मेस्त्री, अगदी तसाच दुसरा गुण्या करून दे, फक्त चार अंश वाकडा. गंमत आहे. तो रंधा मारत होता. त्यानं रंधा बाजूला ठेवला, कपाळाचा घाम पुसला आणि मी काहीतरी अभद्र बोललो असावा तसं माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, पाट वाकडो मागा, देतंय. होडी वाकडी मागा, ती पण देतंय, बुडालात तर तुमचा तुमी बघा. गुण्यो वाकडो माझ्या हातान होवचो नाय."

"अरे, कोणाला कळणार आहे?"

"दसऱ्याक हत्यारां पुजतंय मां मी? तेच्यात गुण्यो पयलो ठेवतंय. वाकडो करून तेच्या पुढ्यात हात खंयच्या तोंडान जोडू?"

मी हसण्यावारी नेलं. दाजी, मला नेहमी तेच जमतं. रविवारी शाळेत जाऊन मी तुझाच गुण्या काढला. सैल सांध्यात बांबूची चपटी पाचर सरकवली, वरून मेण आणि लाकडाचा भुसा चोळला. गुण्याचा हात बाहेर कलला, बोटभरही नाही. मी स्वतःवर खूश होतो. सोमवारी पोरं बरोबर काढलेले कोन पुसून वाकडे काढतील, मी भर वर्गात पाचर ओढून काढीन, तू तोंडात मारल्यासारखा बघशील, आणि आपण दोघं पोटभर हसू. साहेब बुधवारी यायचे होते. भरपूर वेळ होता.

सोमवारी पोरांनी पुसले. सगळ्यांनी. मी जिंकलो होतो, पाचर काढायला हात पुढे केला होता. तेवढ्यात तू गुण्या उचललास, डोळ्यासमोर धरलास, मान तिरकी केलीस आणि म्हणालास, "बाबल, ह्यो गुण्यो जरा कलल्यासारखो दिसता रे."

चार अंश! सुताराला गुण्याशिवाय सांगता येत नाहीत, ते तू नुसत्या डोळ्यानं सांगितलंस. त्या क्षणी मी पाया पडायला हवं होतं तुझ्या. पण किती सुंदर प्रवेश होता तो, दाजी, आणि मला त्यात एक वाक्य आयतं सापडलं. मी म्हणालो, "गुण्याक काय झाला नाय. तुका चाळिशी इली!"

पोरं हसली. तूही हसलास. डोळे चोळलेस, गुण्या पुन्हा बघितलास, आणि खाली ठेवलास. मी मनात म्हटलं, रंगलंय, आणखी एक दिवस चालू दे.

साहेब मंगळवारी सकाळीच आले. होडीतून उतरले तेव्हा मी धावत वर्गाकडे निघालो होतो, देवाशपथ निघालो होतो, पण त्यांनी मलाच हाक मारून बॅग हातात दिली. मी बॅग घेऊन त्यांच्या मागून वर्गात शिरलो तोवर गुण्या पहिल्या पोराच्या हातात होता.

तोंडी प्रश्न सुरेख झाले. व्यास, त्रिज्या, परीघ, भिकूनं तर रापण सांगितली आणि साहेब हसले. मग ते म्हणाले, "आता प्रत्येकानं एक काटकोन काढा. तुमचं साधन वापरायला हरकत नाही."

सतरा पोरांनी डोळ्यानं काढले. मी मागे उभा होतो, मला सगळ्या पाट्या दिसत होत्या. सरळ होते, दाजी. शिवणयंत्रावर घातल्यासारखे सरळ. मग गुण्या फिरू लागला आणि एकेक पाटी पुसली जाऊ लागली. गुण्या शेवटी चंदाकडे आला. तिनं लावला. मग काढला. पुन्हा लावला. ती पुसेना. तिनं मान वर करून तुझ्याकडे बघितलं. तूही तिच्या पाटीकडे बघत होतास. तुझ्या डोळ्यानं तुला सांगितलं, ते मी तुझ्या तोंडावर वाचलं. पोरीचा बरोबर आहे, असं तुझा डोळा म्हणाला. आणि तू तो डोळा चोळलास, आदल्या दिवशीसारखाच, आणि तिला मानेनं खूण केलीस, गुण्या म्हणतो तसं कर.

तिनं पुसला.

मला एक शब्द बोलायचा होता. वाक्य पाठ न करता नाटकात रात्रभर मांड गाजवणारा माणूस मी. मी साहेबांची बॅग धरून उभा राहिलो.

साहेबांनी पितळेचा कोनमापक काढून एकेका पाटीवर ठेवला. रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "गुरुजी, तुमच्या शाळेत काटकोन किती अंशांचा असतो?"

तू त्यांना पोचवायला होडीपर्यंत गेलास. मला नंतर होडीवाल्यानं सांगितलं, वाटेत तू साहेबांना म्हणत होतास की बाबल मास्तरांनी व्याख्या उत्तम शिकवल्यात, कोन माझ्याकडे होते, चूक माझी. तू तिकडे हे म्हणत होतास आणि मी इकडे रिकाम्या वर्गात पाचर ओढून खिशात घातली. दाजी, घालताना मी विदूषक होतो. काढताना नव्हतो. काढताना मी चोर होतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

तू परत आलास, गुण्या उचललास आणि थेट गोपाळ मेस्त्रीकडे निघालास. मी बरोबर. मेस्त्रीनं तो आपल्या गुण्यावर ठेवून बघितला. सांध्यावरून अंगठा फिरवला, त्याला मेण लागलं असणार. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तुला म्हणाला, "सरळ आसा. आता."

तो "आता" तुला ऐकू गेला नाही. तू हिशोब मांडत होतास. "म्हणजे काल माका वाकडो दिसलो तो सरळ होतो. आज पोरांचे सरळ दिसले ते वाकडे होते. पुसून परत काढले ते पण वाकडे, डोळ्यान काढूक मीच शिकयलंय." मग हळू आवाजात, "बाबल, माझो डोळो गेलो रे."

मेस्त्री बोलला नाही. मी बोलावं म्हणून त्यानं जागा ठेवली होती. आठ वर्षं ठेवली. रस्त्यात दिसला की रामराम करायच्या आधी क्षणभर थांबतो, अजूनही.

तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलास आणि परत आल्यावर जास्तच काळजीत पडलास. "डोळे बरे आसत म्हणता. मगे आत खंय तरी बिघाड झालो आसतलो." मी त्या दिवशी सांगणार होतो. नोकरीचं भय वाटलं. मग तू अर्जांवर अर्ज करून पुढच्याच वर्षी पाचवी आणलीस, चंदा वर्षभर घरी बसून पुन्हा शाळेत आली, तेव्हा सांगणार होतो. तो दिवस आनंदाचा होता, म्हटलं नको. आरोंद्याहून तू परत आलास तेव्हा सांगणार होतो, तर होडीतून उतरताच तू मला पोलिसाची गंमत सांगितलीस आणि आपण धक्क्यावर बसून हसलो. त्यातून किस्सा झाला. मी सांगायचो आणि तू बरोबर जागेवर पिशवीतून गुण्या बाहेर काढायचास. असा सोबती मला मांडावरही कधी मिळाला नाही. माझ्या प्रत्येक फजितीत तू मला सावरलंस, पगार अडला तेव्हा घरी तांदूळ पाठवलेस, माझ्या थोरलीला फुकट शिकवलीस. आणि मी तुझ्या डोळ्यावर लोकांना हसवत राहिलो. तू हसतोस म्हणजे तुला लागत नाही, असं धरून चाललो. मला तसं धरून चालणं परवडत होतं.

काल मी वहिनीला सांगितलं. सगळं. मेण, भुसा, चाळिशी, चंदाची पाटी. ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला नाही.

मी म्हटलं, "वहिनी, काहीतरी बोल गो."

ती म्हणाली, "हे माका रोज विचारीत. देवाची तसबीर सरळ आसा मां? दोरी सरळ बांधलंय मां? गुण्यो लावून झालो तरी माका विचारीत. मी म्हणा, सरळ आसा. आठ वर्सां."

"माझं चुकलं."

"माका सांगून काय उपेग, भावजी? मी कधी हसलंय नाय. जे हसले तेंका सांगा." मग सूप बाजूला ठेवून उठली. "चाय घेवन जावा."

तिनं मला माफ केलं की नाही, मला कळलं नाही. चहा नेहमीसारखाच होता. मी तो कसाबसा प्यालो.

आणि तू काय म्हणाला असतास? मी दोन्ही बाजूंनी बोलून बघतो. कधी तू म्हणतोस, मेल्या, म्हणजे सोमवारी माका बरोबरच दिसला होता! आणि मुलासारखा खूश होतोस. कधी तू पिशवी उचलून चालू लागतोस. दोन्ही मला तुझ्यासारखेच वाटतात. आपल्या भांडणाचंही तसंच. पोरांनी गुण्याचं ऐकलं, म्हणजे मी जिंकलो. पण गुण्या लागेपर्यंत सतराही कोन सरळ होते, म्हणजे तू. हे तुझ्याशी बोलायचं होतं रे, वेळेवर वाळूत बसून, एखादी अख्खी संध्याकाळ घालवून.

उद्या शाळेत तुझी शोकसभा आहे, पाचवीच्या वर्गात. मुख्य भाषण मला दिलंय. भिकू मुंबईहून आलाय, चंदा सासरहून येणार आहे, आणि आज सकाळपासून तिघांनी मला रस्त्यात थांबवून बजावलं, "गुरुजी, गुण्याचो किस्सो होवक होयो हां." होणार आहे. पण हसण्याच्या जागेपर्यंत मी पोचायच्या आत, उभा राहिल्याबरोबर, पहिलं वाक्य दुसरंच असणार आहे. ते वाक्य मी दुपारपासून पडवीत घोकतोय. आयुष्यात मी कधी भाषण घोकलं नाही.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय पुटपुटतास? आयकाक येना नाय."

मी पुन्हा म्हटलं. ती ओले हात पदराला पुसत बाहेर आली, माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मोठ्यान म्हणा."

"दाजीचा डोळा शेवटपर्यंत सरळ होता. वाकडं मी केलं होतं."

तेव्हा शेजारच्या खळ्यात जाळी शिवत बसलेली माणसं हात थांबवून आमच्याकडे बघू लागली. त्यांतलं कोणी हसलं नाही.